वाचनालयाचा दुसरा हप्ता अडकलाय, मदत हवी आहे

नवीपेठकर: मार्च उलटला, वाचनालयाच्या सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता अजून नाही. पहिला व्यवस्थित आला होता. ऑफिसात गेलं की "कागद बघतो, नंतर या." ग्रंथपालबाईंचा पगार थकलाय, पेपरवाल्याचं बिलही. तो पेपर टाकतो, पण आत न बघता कट्ट्यावर ठेवून निघून जातो. काय करायचं, लवकर सांगा.

बार्शीवाला: वर्ग कुठला? अनुदान वर्गावर ठरतं, एवढं तरी लिहा की राव.

नवीपेठकर: ड, म्हणजे सगळ्यात लहान वाचनालयांचा. त्याचा हप्ता अडकण्याशी काय संबंध?

पुस्तकी_किडा: हप्त्याची वाट कशाला बघताय? कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, 1972 पासूनचं, केंद्राच्या पैशावर चालणारं. असमान निधी योजनेत अर्ज टाका. आम्हाला कपाटं मिळाली, एकदम दणकट!

निवृत्त_लेखनिक: अहो, त्यांना पगार भागवायचाय, कपाटात काय बाईंना बसवायचंय? आमदार निधीही पगाराला चालत नाही, कुणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो. नवीपेठकर, ऑडिट आणि वार्षिक अहवाल दिलाय? पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला? कार्यकारिणी बदलली का?

नवीपेठकर: कागद सगळे दिलेत, सीएचा शिक्का आहे. सचिव दिवाळीत बदलले.

निवृत्त_लेखनिक: मग घोडं तिथंच अडलं असणार. कागदावर नव्यांची सही, बँकेत जुन्यांची. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, जिथं संस्थेची न्यास म्हणून नोंद असते, तिथं सचिव बदलल्याचा बदल अर्ज गेलाय का? 1950 च्या विश्वस्त कायद्यात कलम 22 आहे, बदल 90 दिवसांत कळवायचा. बँकेला ठराव वेगळा द्या.

कडक_भाकरी: मोबाइलच्या जमान्यात ड वर्ग हवेत कशाला? ई-लायब्ररी करा, मी सॉफ्टवेअर सांगतो.

बार्शीवाला: सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात एकदा जाऊन या, मग बोला. आणि 1967 चा ग्रंथालय कायदाही वाचा.

कडक_भाकरी: तिथली गोष्ट वेगळी. गल्लीतल्या वाचनालयात कोण येतं ओ?

नवीपेठकर: भांडायला दुसरा धागा काढा. बदल अर्ज तेव्हाच टाकलाय. पोच जुन्या सचिवांकडे, ते पुण्याला मुलाकडे. फोन उचलत नाहीत.

निवृत्त_लेखनिक: पोच नसली तरी बिघडत नाही. न्यासाचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात जा, बदल अर्जाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. ती नक्कल आणि ठराव हप्त्याच्या फाइलला लावा, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रद्दीप्रेमी: जुने दिवाळी अंक काढायचेत का? मी न्यायला येतो.

नवीपेठकर: अंक विकायचे नाहीत. नक्कल मिळायला किती दिवस लागतात?