मदत हवी आहे: द्रवीकरण होणाऱ्या (भूकंपात पातळ द्रवासारखी होणाऱ्या) वाळूत पाइलचं (पायासाठी जमिनीत खोल घातलेल्या खांबाचं) बकलिंग (उभ्या भाराखाली बाजूला वाकून निकामी होणं) तपासायचं की नाही?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका लहान डिझाइन ऑफिसात काम करते. आजवर सगळी कामं विदर्भातली: वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. भूकंपाचा झोन दोन. माती फुगण्या-आकसण्याचीच काय ती काळजी असायची. आता पहिल्यांदाच कच्छमधलं, झोन पाचमधलं, खाडीकाठचं गोदाम हाती आलंय.

बोअरलॉगमध्ये (जमीन खणून केलेल्या थरांच्या नोंदीत) वर 3 मीटर घट्ट चिकणमाती, मग 8 मीटर सैल गाळवट वाळू (एन, म्हणजे नळी ठोकून मोजलेला घट्टपणाचा आकडा, 7 ते 9), त्याखाली एन 40च्या वरची दाट वाळू. पाणी दीड मीटरवर. भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकातल्या, आयएस 1893 (2016) मधल्या पद्धतीने पाहिलं तर मधला थर पूर्ण द्रवीभूत होतो. पाइल 500 मिमी व्यासाचे, 18 मीटर खोल.

आमचे सर म्हणतात, पाइल मातीत गाडलेला आहे, बकलिंग कशाला? पाइलचं भारतीय मानक आयएस 2911 तसंच सांगतं, पण कंसात अट आहे: मातीची कातरशक्ती 0.01 न्यूटन प्रति चौरस मिमीपेक्षा कमी नको. कणांमधल्या पाण्याचा दाब चढला की वाळूची ताकद जवळजवळ शून्यावर येते. मग ती अट उरते कुठे? पाइलचं डोकं कॅपमध्ये (पाइलांना वर जोडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यात) जखडलेलं पण आडवं सरकणारं धरलं, तर 11 मीटर लांबीला सडपातळपणा (लांबी भागिले व्यासाचा चौथा भाग) 88 येतो. जुन्या भूकंपांत निकामी झालेले पाइल बहुतेक 50च्या वरचे होते. 2001मध्ये कांडला बंदराचा मनोरा कलला, त्याखाली 18 मीटरचे 32 पाइल होते. तोच कच्छ, तीच खोली. म्हणून जीव धास्तावलाय.

आधार नसलेली लांबी चिकणमातीसकट 11 मीटर धरू की फक्त वाळूची 8? आणि वरच्या थराचा रेटा व इमारतीचं जडत्वबल (हादऱ्यात तिच्या वजनामुळे येणारं आडवं बल) एकत्र घ्यायचं का?

उत्तर: ताई, शंका अगदी रास्त आहे. 11च धरा, शिवाय दाट वाळूत पाइल जखडायला लागणारी खोली वेगळी मिळवा. वरची चिकणमाती खाडीकडे सरकू लागली की ती आधार देत नाही, उलट पाइलला ढकलते. 1995च्या कोबे भूकंपानंतर जपानच्या पूल संहितेत हे आलं: वरच्या थराचा पूर्ण पॅसिव्ह दाब (माती पाइलवर रेटली गेल्यावर येणारा कमाल दाब), द्रवीभूत थराचा वरच्या एकूण भाराच्या 30 टक्के. हा रेटा आणि जडत्वबल तिथे वेगवेगळे तपासतात. उभा भार मात्र दोन्ही वेळी असतोच, तो वाकलेल्या पाइलला आणखी वाकवतो. सैल आणि दाट वाळूच्या सांध्यावर बेंडिंग (वाकवणारा ताण) मोठं येतं, तेव्हा पाइलमधल्या लोखंडी पिंजऱ्याची सळई तिथे किंवा त्याच्या जरा वर तोडू नका. आपल्याकडे खालची सळई कमी करायची सवय आहे, ती इथे घात करेल. हादरे थांबल्यावर वाळू बसते आणि वरची माती पाइलला खाली ओढते, तेही भारात धरा.

धागाकर्ती: आभारी आहे, दादा. 750 मिमी व्यासाला सडपातळपणा 59 आला, 900ला 49. पण जखडण्याची खोली मिळवली की 900सुद्धा 50च्या वर जातो. व्यास आणखी वाढवू, की दगडी स्तंभ (जमिनीत खडी ठोसून केलेले खांब) घालून आधी वाळूच घट्ट करून घेऊ? खाडीकाठी ते काम कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, सोमवारी सरांसमोर हिशेब मांडायचाय.