मदत हवी आहे: १९७१ ची एमजीबी – ओव्हरड्राइव्ह गरम झाल्यावर सुटतो, क्लच नीट सुटत नाही

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात शेफील्डला असतो. माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसीची, लेकॉकचा एलएच टाइप ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा गिअरबॉक्समागचा जोड) असलेली. हा ओव्हरड्राइव्ह याच गावात बनलेला, त्यामुळे तो चालता राहावा असं फार वाटतं. दोन तक्रारी साधारण एकाच सुमारास सुरू झाल्यात आणि दोन्हींचं मूळ एक की वेगवेगळं, हे उमगत नाहीये.

पहिली ओव्हरड्राइव्हची. गाडी गार असताना स्विच टाकला की तिसऱ्या-चौथ्या दोन्ही गिअरांत लगेच धरतो. एम-वन मोटरवेवर अर्धा-पाऊण तास झाला की मात्र खेळ सुरू. ताशी ७० मैलांना टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा) ३२०० च्या आसपास असतो, तो एकदम ३९०० ला जाऊन बसतो. कधी थोड्या वेळानं आपणहून परत धरतो, कधी स्विच बंद-चालू करावा लागतो.

दुसरी क्लचची. उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना दात खरखरतात, पहिलाही अडतो. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की गुमान पडतो. क्लचच्या डबीतलं फ्लुइड हळूहळू कमी होतंय, पण गाडीखाली थेंब दिसत नाही.

इथल्या एका गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच सांगितलं की क्लच घसरतोय, ओव्हरड्राइव्हही संपलाय, दोन्ही बदला. एमजीबीत गिअरबॉक्स खालून एकटा निघत नाही, इंजिन उचलावंच लागतं, म्हणजे खर्च मोठा. गरज असेल तर करीनच, गाडी शोभेला ठेवायची नाही. उन्हाळ्यात आई-बाबा नाशिकहून येतायत, त्यांना स्नेक पासच्या घाटावरून फिरवायचंय. पण इंजिन उचलण्याआधी काय काय तपासून घेऊ?

घाटमाथा:
तुमच्या पोस्टमधला सगळ्यात मोलाचा आकडा ३९०० आहे. या गाडीचा चौथा गिअर हजार आरपीएमला सुमारे १८ मैल देतो, ओव्हरड्राइव्ह लागला की जवळजवळ २२. म्हणजे ७० ला थेट चौथ्यात ३९०० च यायला हवेत. तुमचा ओव्हरड्राइव्ह घसरत नाहीये, पूर्ण सुटतोय. क्लच घसरत असता तर काटा असा ठरलेल्या जागी थांबला नसता. तुम्ही दाबाल तसा वर गेला असता, आणि ओव्हरड्राइव्ह बंद असतानाही गेला असता.

आता सुटतो कशानं, विजेनं की तेलाच्या दाबानं? सोलेनॉइडकडे (विजेवर ओव्हरड्राइव्ह लावणारा भाग) जाणाऱ्या वायरवरून एक छोटा १२ व्होल्टचा बल्ब डॅशपाशी आणा. जोडणी गिअरबॉक्सवरच्या स्विचच्या पुढे, सोलेनॉइडच्या बाजूला घ्या, अलीकडे घेतलीत तर त्या स्विचचा दोष कळणारच नाही. काटा उडाला आणि बल्बही विझला तर दोष वायरिंगचा: हातातला स्विच, बुलेट कनेक्टर, किंवा फक्त तिसऱ्या-चौथ्यात करंट सोडणारा तो गिअरबॉक्सवरचा स्विच. या स्विचवर संशय असेल तर सुटल्या क्षणी गिअरचा दांडा हलकेच डावी-उजवीकडे दाबून बघा. लगेच धरला तर चोर सापडला, वॉशर कमी-जास्त करून त्याची जागा बसवता येते. बल्ब जळत राहिला तर तेलाकडे वळा.

बी-सिरीज:
मी साताऱ्याचा, आयुष्य ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनांवर गेलं. तुमचं इंजिन त्याच घराण्यातलं, म्हणून राहवलं नाही.

पेडल मारल्यावर गिअर पडतो ना? मग आधी हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबावर क्लच सोडवणारी यंत्रणा) बघा, क्लच प्लेटकडे नंतर. कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचपाशचा सिलिंडर) पुशरॉड किती सरकतो ते मोजा. अर्धा इंच तरी हवा. स्लेव्हचा रबरी बूट बोटानं सोलून बघा, आतली रबरी सीलं गेलेली असतील तर फ्लुइड आधी त्यातच साठतं, जमिनीवर दिसत नाही. मास्टर (पेडलपाशचा सिलिंडर) गळत असेल तर पेडलवरून ओघळून कार्पेटखाली जातं, कार्पेट उचला. आणि पेडल जिथे मास्टरच्या रॉडला जोडलंय ती पिन काढून बघा. पिन झिजते, भोक लांबट होतं आणि पेडलची बरीचशी चाल तिथेच वाया जाते. स्वस्तातला पार्ट आहे, पण कुणी बघत नाही.

क्लच घसरतो का, हे बघायला ओव्हरड्राइव्ह बंद करून चौथ्यात चढावर पूर्ण रेस द्या.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. स्नेक पासच्या चढावर थेट चौथ्यात पूर्ण रेस देऊन पाहिली, काटा वेगाच्या मापातच चढला. स्लेव्हचा बूट सोलला तर आत फ्लुइड भरलेलं होतं. पुशरॉड जेमतेम पाव इंच सरकतोय. दोन्ही सिलिंडर, होज आणि पिन मागवलंय.

बल्बही लावला. काटा ३९०० ला गेला, बल्ब जळतच होता. दांडा दाबून काही फरक नाही. म्हणजे तेलाचा दाब?

घाटमाथा:
तेलाचा दाब किंवा सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह. गरम तेल पातळ होतं आणि थकलेल्या ओ-रिंगमधून दाब निसटतो, म्हणून गार असताना सगळं ठीक वाटतं. एलएचमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) आणि बुडाची जाळी हे तिन्ही गाडीखालून, गिअरबॉक्स न काढता हाताशी येतात. आधी तेल काढा, जाळी धुवा, जाळीत काय अडकलंय ते उजेडात नीट बघा. काळा चुरा फार असेल तर ओव्हरड्राइव्हच्या आतल्या कोन क्लचचं अस्तर झिजतंय, तेव्हा मात्र इंजिन उचलण्याचं मनावर घ्या. साफ असेल तर सगळ्या ओ-रिंग बदला आणि २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच भरा. आधीच्या मालकानं ईपी गिअर ऑइल घातलं नव्हतं ना, त्याच्या बिलांत बघा. घर्षण कमी करणारं कुठलंही औषध तेलात नको, कोनची पकड जाते.

त्यानंतरही सुटला तर प्रेशर गेज लावून गार आणि गरम, दोन्ही वेळचा दाब घ्या, साधारण ४०० पीएसआय हवा. दोन्ही आकडे इथे टाका.

आणि एक जपा. स्विच बंद करूनही ओव्हरड्राइव्ह सुटला नाही असं कधी वाटलं तर रिव्हर्स अजिबात टाकू नका, आतला एकदिशा क्लच (एकाच दिशेनं फिरू देणारा) फुटतो. गाडी हातानंही मागे ढकलू नका, हलवायचीच तर पुढच्या दिशेनं ढकला.