वाचनकट्टा ग्रुप : हायकू कसा वाचायचा, कसा लिहायचा

स्नेहल, बी-३०४ : रविवारच्या कट्ट्याला यावेळी जपानी हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी कविता, घेऊ या का? सुरुवातीला बाशो या जपानी कवीचा सगळ्यात प्रसिद्ध, १६८६ सालचा. मराठी मीच केलंय.

जुनं तळं —
बेडूक उडी घेतो
पाण्याचा आवाज

प्रभुणे काका, ए-१०२ : वाचला. तळं आहे, बेडूक आहे, आवाज झाला. पुढे? सव्वातीनशेहून जास्त वर्षं लोक हा का वाचतायत, ते कुणीतरी नीट सांगा. मनापासून विचारतोय.

सुनंदाताई, सी-५०१ : काका, रास्त प्रश्न आहे. बेडूक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मृगाचा पाऊस येतो, साचलेली डबकी आणि रात्रभर डराव डराव. जपानी कवितेत मात्र बेडूक वसंताचा. हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतो, त्याला किगो म्हणतात. इथे बेडूक हाच किगो. म्हणजे थंडी नुकती सरलीय, तळ्यावर अजून सामसूम आहे. त्यात एकच ‘डुबुक’.

आणखी एक. बाशोच्या आधी कित्येक शतकं तिथल्या कवितेतला बेडूक गायचा, आणि बऱ्याचदा यामाबुकीच्या पिवळ्या फुलांच्या सोबतीने. बाशोचा शिष्य शिको याने १६९२ मध्ये लिहून ठेवलंय की पहिली ओळ काय ठेवावी हा विचार चालू होता तेव्हा किकाकू या दुसऱ्या शिष्याने यामाबुकीच सुचवली. बाशोने ती नाकारली आणि ‘जुनं तळं’ ठेवलं. म्हणजे फुलं काढली, गाणं काढलं आणि नुसता पाण्याचा आवाज राहू दिला. ही निवड लक्षात आली की हायकूचं निम्मं काम समजतं.

प्रभुणे काका, ए-१०२ : ताई, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. एवढी माहिती नसलेल्याने काय करायचं?

स्नेहल, बी-३०४ : मग हा बघा काका. बुसोनचा आहे, अठराव्या शतकातला. तो चित्रकारही होता. यावर मी काहीच सांगणार नाही.

मोहरीची फुलं —
चंद्र पूर्वेला
सूर्य पश्चिमेला

प्रभुणे काका, ए-१०२ : अरे वा. पौर्णिमा आहे की ही! सूर्य मावळताना चंद्र पूर्वेला वर येतो तो पौर्णिमेच्या आसपासच. मोहरी फुललीय म्हणजे हवाही कळली. आणि दोन्ही क्षितिजं एकदम दिसतायत, म्हणजे माणूस मोकळ्या सपाट शेतात उभा आहे, मध्ये घर नाही, डोंगर नाही. चहूकडे पिवळंच पिवळं असणार. तिथी, ऋतू, जागा, वेळ, सगळं सांगितलं आणि यातला एकही शब्द वापरला नाही.

सुनंदाताई, सी-५०१ : काका, याला म्हणतात वाचणं! त्या काळी जपानात दिव्याच्या तेलासाठी या पिकाची मोठी लागवड व्हायची, त्यामुळे तुम्ही म्हणता तशी शेतं लोकांच्या रोजच्या पाहण्यातली होती.

अनिकेत, बी-७०३ : योकोहामाला नोकरीला होतो तेव्हाचं सांगतो. तिथे ऋतूंच्या शब्दांचे कोशच मिळतात, साइजिकी म्हणतात त्यांना. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि नववर्ष असे पाच भाग, आणि शब्दाखाली नमुन्याचे हायकू. नुसता ‘चंद्र’ म्हटलं तर तो शरदाचा धरायचा, बाकीच्या ऋतूंतला असेल तर तसं सांगायचं. वर्तमानपत्रांत वाचकांच्या हायकूंची सदरं असतात. मात्सुयामा शहरात तर हायकू टाकायला ठिकठिकाणी पेट्या आहेत. शिकी या हायकूकाराचं गाव ते.

वैशाली, ए-६०४ : मीही एक लिहिलाय. मोकळेपणाने सांगा.

पावसाळी सांज
एकटं उदास मन
आठवणींचा पूर

सुनंदाताई, सी-५०१ : वैशाली, मोकळेपणाने सांग म्हणालीस म्हणून सांगते. ‘एकटं’, ‘उदास’, ‘आठवणी’ हे तीन शब्द वाचणाऱ्याला करायला काही शिल्लकच ठेवत नाहीत. काय वाटलं ते सगळं सांगून टाकलंस, पण त्या संध्याकाळी तुला काय दिसलं ते आलंच नाही. हायकूत नेमकं तेच हवं असतं.

शिकीचा १८९६ चा हायकू बघ. मासाओका शिकी, ज्याच्यामुळे ‘हायकू’ हे नाव आजच्या अर्थाने रूढ झालं. समोर दिसतं ते चित्रासारखं टिपा, असा त्याचा आग्रह होता. मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळला आणि १९०२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेला. घरात आई आणि बहीण त्याचं सगळं करायच्या.

पुन्हा पुन्हा
विचारत राहिलो —
किती साचला बर्फ?

आजार कुठेच नाही, अंथरूण नाही, दुःख हा शब्द नाही. पण ज्याला उठून खिडकीशी जाता येतं, तो हे पुन्हा पुन्हा विचारेल का? त्या ‘पुन्हा पुन्हा’त सगळं आलं. मला जपानी हायकूंमधला हा सगळ्यात जवळचा वाटतो, बाशोच्या बेडकाहूनही.

प्रभुणे काका, ए-१०२ : हा काळजाला लागला.

वैशाली, ए-६०४ : ताई, हे वाचून सुचलं. आमच्या सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावरच आहेत. मागच्या गेटजवळच्या जांभळाखाली किती पडलीत, रोज विचारतात.

जांभळं पडली का?
पलंगावरून आई
परत विचारते

सुनंदाताई, सी-५०१ : वैशाली!! हा खरा हायकू. ऋतू आपला आहे, झाड आपलं आहे, आणि आईंना काय होतंय ते न सांगता कळलं. मी एवढंच बघेन की ‘परत’च्या जागी ‘आजही’ कसं वाटतं. ‘आजही विचारते’ म्हटलं की कालचा दिवसही आत येतो.

वैशाली, ए-६०४ : हो, ‘आजही’च. बदलते.

मंदार, सी-२०२ : एक शंका. हायकूत पाच-सात-पाच अक्षरं लागतात ना? वैशालीताईंच्या पहिल्या ओळीत सात भरतात, शेवटच्या ओळीतही सातच होतात.

अनिकेत, बी-७०३ : मंदार, ते मोजमाप जपानी उच्चारांचं आहे. त्यांच्यात दीर्घ स्वर दोन मोजतात, शब्दाच्या शेवटचा ‘न्’ही वेगळा धरतात. आपण ‘टोक्यो’ म्हणतो तेव्हा अक्षरं दोन, तिकडे मोजणी चार. म्हणून आपल्या सतरा अक्षरांत त्यांच्या सतरापेक्षा जास्त मजकूर मावतो, आणि आकडा भरायच्या नादात नको ते शब्द घुसतात. शिवाय खुद्द बाशोने वाळल्या फांदीवरच्या कावळ्याच्या हायकूत मधली ओळ नऊची ठेवलीय.

मंदार, सी-२०२ : तरी मला मोजून लिहायला आवडेल. बंधन असलं की शब्द निवडून घ्यावा लागतो.

सुनंदाताई, सी-५०१ : जरूर मोज, शिस्त चांगलीच. फक्त आकडा भरावा म्हणून ‘सुंदर’, ‘हळुवार’ असली विशेषणं कोंबू नकोस. ओळ सहाची होत असेल तर सहाची राहू दे. आणि मराठीत हायकू ज्यांनी रुजवला त्या शिरीष पै, आचार्य अत्र्यांच्या कन्या, त्यांचे हायकू रविवारी आधी वाचू. आपल्या पानाफुलांत, आपल्या पाखरांत ही कविता कशी उतरते ते त्यांच्याकडूनच शिकायचं.

स्नेहल, बी-३०४ : ठरलं तर. रविवारी संध्याकाळी पाचला क्लबहाऊसमध्ये. प्रत्येकाने याच आठवड्यात आपल्या आवारात स्वतः पाहिलेली, ऐकलेली एक गोष्ट तीन ओळींत लिहून आणा. भावना सांगणारा शब्द त्यात नको. प्रभुणे काका, इस्सा या जपानी कवीच्या हायकूंवर तुम्ही बोलाल का?

प्रभुणे काका, ए-१०२ : बोलतो. पण आधी चारपाच पाठव, आणि त्यांचे अर्थ पाठवू नकोस.