इटलीत नेपल्सला चार रात्री द्याव्यात का?

घोडबंदर_कर

मेमध्ये इटलीच्या आठ रात्री. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही). टूरवाला रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस धरून बसलाय. नेपल्सचं नाव काढलं की नाक मुरडतो: कचरा, पाकीटमार, गोंगाट. आमच्या डोक्यात रोम ४ आणि नेपल्स ४ असं आहे. चार रात्री भरतील एवढं तिथे आहे का? आणि सासूबाईंचं खाणं-चालणं कसं जमेल? ठाण्याहून निघण्याआधी काय काय उरकून ठेवायचं तेही सांगा.

पामबीच_वाशी

चार रात्री कमीच पडतील. कचरा आहे, गोंगाट आहे, स्कूटर फुटपाथवर येतात, हे सगळं खरं. पण ठाणे स्टेशनाबाहेर संध्याकाळी सातला रस्ता ओलांडणाऱ्याला त्याचं काय मोठंसं?

कशासाठी जायचं, तर शहर जिवंत आहे म्हणून. ग्रीकांनी वसवलं तेव्हा नाव दिलं नेआपोलिस, म्हणजे नवं शहर (नवी मुंबईकरांनी नोंद घ्यावी). अडीच हजार वर्षांनंतरही जुन्या भागातले रस्ते त्याच ग्रीक आखणीवर आहेत. स्पाक्कानापोली नावाची गल्ली वरून बघितली तर शहर पट्टीने कापल्यासारखं दिसतं. ते बघायला मोंतेसांतोच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे दोरीवर ओढल्या जाणाऱ्या गाडीने, सान्त'एल्मो किल्ल्यावर जा. त्याच गल्लीत वर वाळत घातलेले कपडे, खाली भाजीवाला आणि मध्येच चौदाव्या शतकातलं चर्च. १९९५ पासून हा जुना भाग जागतिक वारसा यादीत आहे.

आता वाराचा घोळ. पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. सान्सेव्हेरो चॅपेलही मंगळवारी बंद. तिथला सान्मार्तीनो या शिल्पकाराचा १७५३ चा संगमरवरी ख्रिस्त चुकवू नका: अंगावरचा झिरझिरीत पदरसुद्धा दगडाचाच आहे आणि त्यातून कपाळाची शीर दिसते. त्याची तिकिटं वेळेनुसार असतात आणि फार आधी संपतात. ऐन वेळी दारातून परत फिरणारे रोज असतात. आत फोटो काढू देत नाहीत. म्हणून मंगळवार पॉम्पेईला (व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं जवळचं रोमन शहर) ठेवा, नेपल्स शहर बाकीच्या दिवशी. १ मेला पॉम्पेई बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पॉम्पेई फुकट असतात, गर्दी उसळते, तेव्हा तिकडे फिरकूच नका.

पॉम्पेईत दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी मिळतं, म्हणून पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाका. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, पण वयाचा पुरावा सोबत हवा. ३० x ३० x १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, प्रवेशाशी ठेवावी लागते.

जायचं सर्कुमवेसुवियाना नावाच्या लोकलने, नापोली गारिबाल्दीहून सोरेंतोच्या गाडीत. उतरायचं ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला, साधारण ३५-४० मिनिटं. नुसतं ‘पॉम्पेई’ बघून दुसऱ्या मार्गाच्या गाडीत चढलात तर भलत्याच स्टेशनवर उतराल. गाडीत एसीची अपेक्षा नको, उभं राहावं लागतं, आणि पाकीटमार याच गाडीत असतात. लोकलमध्ये धरता तशी बॅग पोटाशी धरा, बस.

कोपरी_पूर्व

वाशीकरांच्या एका मुद्द्याला हरकत आहे. ते ‘भलतं’ स्टेशन सासूबाईंसाठी बरोबर आहे.

व्हिला देई मिस्तेरीशेजारचं दार म्हणजे पोर्ता मरीना. तिथे आत शिरताच दगडी चढ लागतो, आणि पुढचे रस्ते ओबडधोबड लाव्हा-दगडांचे, मध्ये रथाच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तासाभरात पुरे होतं. पलीकडे पियात्सा अँफितेआत्रोचं दार आहे. तिथून ‘सगळ्यांसाठी पॉम्पेई’ नावाचा तीन किलोमीटरहून लांब सपाट केलेला मार्ग निघतो. चाकाची खुर्चीही जाते. त्या दाराला जवळचं स्टेशन ‘पॉम्पेई सान्तुआरियो’, आणि तिथे पोज्जोमारीनोची गाडी जाते, सोरेंतोची नाही. फलाटावर चढण्याआधी पाटीवर शेवटचं स्टेशन वाचा, एवढंच.

ऊन फार असेल तर पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियम, म्हणजे त्याच ज्वालामुखीने गाडलेलं दुसरं रोमन गाव, करा. सोरेंतोच्याच मार्गावर ‘एर्कोलानो स्कावी’ला उतरायचं, तिथून दहा मिनिटं उतार. (येताना तोच चढ, टॅक्सी करा.) जागा लहान आहे, पण पॉम्पेईवर राख आणि प्युमिसचे हलके दगड पडले, इथे तापलेल्या राखेचे लोट येऊन गाव खोल गाडलं गेलं. म्हणून जळून कोळसा झालेली लाकडी तुळई, पार्टिशनं, वरचे मजले अजून उभे आहेत. छप्पर कोसळलेली घरं बघून मुलं कंटाळतात, इथे कंटाळत नाहीत.

व्हेसुव्हियसची तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळ ठरवून. वर दारात रेंज मिळेलच असं नाही, खालीच काढून ठेवा. शेवटचा टप्पा सुट्या खडीवरून चढणीचा, तेव्हा सासूबाई नकोत. नेपल्सच्या पोटातले ग्रीक-रोमन बोगदेही त्यांना नकोत: शंभरावर पायऱ्या उतरायच्या आणि एका अरुंद ठिकाणी अंग तिरपं करून सरकावं लागतं.

खोली घेताना लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. ‘पहिला मजला’ जुन्या वाड्यात आपल्या दुसऱ्याएवढा उंच असतो. काही इमारतींत लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही. सुटे सेंट खिशात ठेवा. स्टेशनच्या दाराशी नको, मेट्रो लाइन १ वर तोलेदो किंवा दान्ते जवळ बघा.

खारघर_सेक्टर१२

खाण्याचं मी सांगते. सासूबाईंना सर्वांत सुरक्षित म्हणजे पिझ्झा मारिनारा. नावात समुद्र असला तरी मासा नाही: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजही नाही. मार्गेरिटाही चालेल, पण चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) चालत नसेल तर मारिनाराच.

फसायला होतं ते भलतीकडेच. ‘स्त्रुत्तो’ आणि ‘सुन्या’ म्हणजे डुकराची चरबी. मिऱ्याचे खुसखुशीत ताराल्ली आपल्या कडबोळीसारखे दिसतात, त्यात ती असते. स्फोल्यातेल्ला या पेस्ट्रीच्या पापुद्र्यांतही परंपरेने तीच घालतात, शिवाय सारणात अंडं असू शकतं. तळलेल्या पिझ्झाच्या सारणात ‘चिकोली’ येतात, तेही डुकराचंच. बटाट्याच्या पास्त्यात पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं मांस, घालतात. ‘बाबा’ नावाचा केक रममध्ये बुडवलेला असतो आणि त्यात अंडंही असतं.

‘सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे, सेन्सा उओवा, सेन्सा स्त्रुत्तो’ (मांस, मासे, अंडी, चरबी नको) हे चार शब्दप्रयोग कागदावर लिहून वेटरला दाखवा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर चरबीचा विचार कोणी करत नाही. छोले आवडत असतील तर पास्ता ए चेची मागा, पण त्यातही मांसाचा तुकडा नाही ना हे विचारा. पिझ्झा मऊ, मध्ये ओलसर असतो, तो कच्चा नाही. भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. परत भाजून मागू नका, चिवट होतो.

घोडबंदर_कर

स्टेशनचा घोळ आधी कळला ते बरं झालं. मुलीला इतिहासाची आवड आहे. संग्रहालयात तिला धरून ठेवेल असं काय आहे? आणि व्हिसा?

कल्याण_जुनं_बंदर

मुलीला सरळ आपल्याकडची बाई दाखवा. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची मूर्ती सापडली, जेमतेम २५ सेंटीमीटर उंच. अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान धरलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यावर वरून खाली भोक आहे, म्हणजे ती कशाचा तरी भाग असावी, आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय. सगळे ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण यक्षी म्हणणं जास्त बरोबर. ७९ साली व्हेसुव्हियस फुटला, म्हणजे ती त्याआधीच इथून तिकडे पोचली होती.

तिच्यासारख्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्यात. मात्र ‘तेरचीच’ असं मुलीला छातीठोक सांगू नका: तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून वाद आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण, सोपारा आणि तगर, म्हणजे तेर, तिन्ही नावं आहेत. तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा. तांबडा समुद्र, नाईल, अलेक्झांड्रिया असं करत पूर्वेचा माल नेपल्सशेजारच्या पुतेओलीला, आजच्या पोत्सुओलीला, उतरायचा.

मूर्ती ‘गुप्त दालना’त ठेवतात. तिथे रोमन शृंगारिक चित्रं-शिल्पंही आहेत, बारा वर्षांच्या मुलीसोबत जायचं तर आधी घरात बोलून घ्या. दालन उघडं आहे का आणि मूर्ती जागेवर आहे का हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारा, कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनाला जाते.

पोत्सुओलीला अर्धा दिवस द्या. रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत, त्यांच्यावर माणसाच्या उंचीपेक्षा वर भोकांचा पट्टा आहे. ती भोकं दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडली. जमीन खचून खांब समुद्रात उभे होते, मग ती परत वर आली. अजूनही तिथली जमीन हलते आणि भूकंपाचे धक्के बसतात, म्हणून मुक्काम तिथे नको.

व्हिसाचं थोडक्यात: सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, मेसाठी जानेवारीतच वेळ घ्या, कारण सुट्टीच्या तोंडावर मुंबईतल्या केंद्रात तारखा मिळत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालू, दहा वर्षांच्या आत दिलेला, दोन कोरी पानं. मुलगी बारा पूर्ण असेल तर तिचंही शुल्क मोठ्यांचंच, ९० युरो. परतीचं विमान रोमहून असेल तर आधी नेपल्स करा आणि रोम शेवटी ठेवा. वेगवान गाडीला सव्वा तासाच्या आतबाहेर लागतो, पण संप झाला की ती गाडीही रद्द होते, आणि विमानाच्या दिवशी तो जुगार नको.