फैजपूरला क्वीअर (गे, लेस्बियन, ट्रान्स) कलाकारांसाठी जागा सुरू करायचीय, पाटीवर काय लिहू?

तापीकाठ (फैजपूर)

नमस्कार मंडळी. एटीडी (कलाशिक्षक पदविका) झाल्यावर मी गावात परत आलो. दिवसा पोरांचे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे क्लास घेतो, रात्री स्वतःचं काम करतो. केळीचा घड कापला की खांब शेतातच पडून राहतो. त्याची सोपटं सोलून सावलीत वाळवतो, खळ लावून जुन्या लुगड्यावर चिकटवतो आणि त्यावर माणसांचे चेहरे काढतो. वाळलेल्या सोपटाचा रंग आमच्या कातडीच्या फार जवळ जातो, म्हणून कागद सुटला तो सुटलाच.

मी गे आहे आणि बौद्ध वस्तीत वाढलो. मुंबईत ग्रुप शोला गेलं की माझ्याकडून जातीवरचंच काम हवं असतं. पुण्यात आपल्या गे-लेस्बियन लोकांत बसावं, तर जातीचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. दोन्ही घेऊन बसता येईल अशी जागा आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात मला तरी दिसलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी तालुक्याच्या गावी एक हॉल भाड्यानं घेतला. आदल्या संध्याकाळी चित्रं टांगत असताना तिथले व्यवस्थापक आले आणि एका चित्रासमोर थांबले. मळ्यात बाज टाकलीय, तिच्यावर दोन पुरुष झोपलेत, एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर, पायथ्याशी कंदील. एवढंच चित्र. हॉल मिळणार नाही म्हणाले. रात्री रिक्षात घालून सगळं परत आणलं. ज्यानं ते काढलं होतं तो पोरगा तेव्हापासून भेटत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे.

आता मामांच्या कापसाच्या गोदामावरची माडी रिकामी आहे, मामा वापर म्हणतात. या काळात मी कृष्णवर्णीय क्वीअर कलाकारांनी स्वतःच्या जागा कशा उभ्या केल्या ते शोधून शोधून वाचत होतो. रोटिमी फानी-कायोडे हा फोटोग्राफर १९५५ साली जन्मलेला, नायजेरियातला. १९६६ च्या लष्करी उठावानंतर घरच्यांबरोबर इंग्लंडला आला. त्यानं लिहून ठेवलंय की आपण तीन बाजूंनी परके आहोत: कोणावर प्रेम करतो त्यामुळे, मुळापासून तुटलो त्यामुळे, आणि आईबापांना हवा तसा लग्न करून स्थिरस्थावर झालेला मुलगा झालो नाही त्यामुळे. तिसरं कारण वाचताना मला आमचं घर दिसलं. १९८८ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात त्यानं आणि सोबत्यांनी ‘ऑटोग्राफ’ ही कृष्णवर्णीय फोटोग्राफरांची संस्था काढली, पहिला अध्यक्ष तोच. पुढच्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी तो गेला. संस्था अजून चालू आहे, २००७ पासून तिला स्वतःची इमारत आहे आणि त्याचं कामही तिनं जपलंय.

मला असं काहीतरी हवंय, माझ्यानंतरही राहील असं. तर सांगा: पाटीवर ‘क्वीअर’ लिहावं का? चेहरे दाखवावेत का? आणि भाडं नसलं तरी लाईटबिल, रंग, येण्याजाण्याचा खर्च कुठून काढायचा?

केकींच्या गावचा (चाळीसगाव)

भाऊ, आधी चेहऱ्यांचं बोलतो, कारण माझा धंदाच फोटोंचा आहे.

तुम्ही ‘ऑटोग्राफ’चं लिहिलंत, पण तिच्या संस्थापकांत आपला सुनील गुप्ताही होता, १९५३ चा, दिल्लीत जन्मलेला. त्यानं १९८६-८७ मध्ये दिल्लीतल्या गे पुरुषांचे फोटो काढले. इंडिया गेट, हुमायूनची कबर, अशा नेहमीच्या जागा. कित्येकांचे चेहरे त्यात दिसत नाहीत, पाठ दिसते नाहीतर चौकटीबाहेर कापलेलं डोकं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, त्यातला तो भाग सुप्रीम कोर्टानं मोडला २०१८ मध्ये. उलट दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी २००६ पासून कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स माणसांची जी व्यक्तिचित्रं टिपली, त्यातला जवळपास प्रत्येक जण थेट कॅमेऱ्यात बघतो. पाचशेच्या वर झालीत ती. दोन्ही कामं माझ्या मते सारखीच धीट आहेत. आपल्याकडे यावलच्या बाजारात उद्या कोणाला भाजी घ्यायला जायचंय हे ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून ज्याचा चेहरा त्याचा निर्णय, आणि तो निर्णय नंतर बदलता आला पाहिजे. ‘काढून टाका’ म्हटलं की त्याच दिवशी चित्र भिंतीवरून उतरेल, असं लिहून द्या प्रत्येकाला.

आमच्या गावात केकी मूस पन्नासेक वर्षं स्वतःच्या घरातच राहिले, टेबलावर मांडणी करून फोटो काढत राहिले. आज त्या घराचं संग्रहालय झालंय. तालुक्याच्या गावात कला जपली जात नाही असं कोणी म्हणालं तर त्याला इकडे पाठवा.

धडगावची पावरी

दादा, तुम्ही पाटीचं विचारलंत. मी किल्लीचं विचारते. माडीची किल्ली कोणाकडे असणार? मामांकडे आणि तुमच्याकडे असेल तर ती तुमची माडी झाली, आमची नाही.

मी भोंगऱ्याची (होळीआधीच्या आमच्या बाजाराची), होळीच्या ढोलांची चित्रं काढते. माझी मैत्रीण माझ्याबरोबर राहते, गावात आम्हाला ‘बहिणी’ म्हणतात आणि आम्ही तसंच राहू दिलंय. मला फैजपूरला यायचं म्हणजे शहादा, शिरपूर, चोपडा, यावल असा अख्खा दिवस जातो. संध्याकाळी परतीची गाडी नाही. बाईमाणसाला रात्री राहता येईल का, आतून कडी लागते का, संडास खाली गोदामात आहे की वर? हे आधी ठरवा. उद्‌घाटनाला पुण्या-मुंबईचे दहा पाहुणे आले आणि सातपुड्यातलं कोणीच आलं नाही, तर ती जागा कोणासाठी झाली?

मुहोलींचं मला एक फार आवडतं. जोहान्सबर्गला फोटोग्राफी शिकून झाल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतःपाशी ठेवला नाही. २००९ मध्ये ‘इन्कान्यिसो’ हे व्यासपीठ सुरू केलं आणि आपल्याच समाजातल्या पोरींना फोटो काढायला, लिहायला लावलं. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या एका प्रदर्शनातून त्यांच्या देशाच्या संस्कृतीमंत्री मुहोलींचे फोटो बघून निघून गेल्या होत्या. आणि त्या देशाच्या राज्यघटनेत १९९६ पासून समलिंगी माणसांना संरक्षण आहे! २०१२ मध्ये मुहोलींच्या घरी चोरी झाली, वीसेक हार्ड ड्राइव्ह गेल्या, वर्षांचं काम त्यात होतं. तेव्हा तुमच्या माडीत जे काही जमेल त्याची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा. धडगावला ठेवली तरी चालेल, मी सांभाळीन.

निवृत्त चित्रकला शिक्षक (भुसावळ)

बेटा, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही. माझी धाकटी बंगळूरला तिच्या जोडीदारणीबरोबर राहते. तिला इकडे यावंसं वाटेल अशी एक तरी जागा आपल्या भागात व्हावी, ही माझी स्वतःची इच्छा आहे.

खर्चाचं सांगतो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गे चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड माहीत असतील. आईच्या सलूनमध्ये काम करायचे आणि केस कुरळे करताना लावायचे ते पातळ कागद चिकटवून चित्रं करू लागले. २०१७ ला व्हेनिस बिनाले या जागतिक कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन त्यांच्याकडे होतं. पण त्याआधी, २०१४ मध्ये, आईचं सलून ज्या लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क वस्तीत होतं तिथेच जोडीदार आणि एका संग्राहक बाईंना घेऊन त्यांनी ‘आर्ट अँड प्रॅक्टिस’ काढली. तिथे प्रदर्शन फुकट बघायला मिळतं आणि सरकारी देखभालीत वाढलेल्या तरुणांना नोकरी, निवारा मिळायला मदत होते. त्यामुळे वस्तीला ती जागा आपली वाटते. तू खाली ग्रेड परीक्षेचे क्लास चालव, वर माडी चालव. क्लासच्या फीमधून लाईटबिल निघेल. शिवाय पोरांचे आईबाप रोज जिना बघतील, त्यांच्या मनातली भीती कमी होईल.

कृष्णवर्णीयांकडून शिकणं आपल्याकडे नवं नाही. दलित पँथर १९७२ मध्ये उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघूनच. आणि तुझ्या फैजपूरला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोसांनी बांबू आणि इथल्याच सामानातून केली होती. केळीच्या सोपटाचं काम तिथे व्हावं याचा मला खरोखर आनंद आहे. आठवड्यातून एकदा मी क्लास घ्यायला येईन. मानधन नको.

तापीकाठ (फैजपूर)

सर, तुम्ही क्लास घेणार हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “तुले जे करनं शे ते कर, पन सरना चहा मी करसू.” आमच्या घरात या विषयावर आजवर झालेलं हे सगळ्यात मोठं बोलणं.

धडगावताई, संडास खालीच आहे आणि जिन्यात दिवा नाही. तुम्ही विचारलं नसतं तर मी रंगरंगोटीला लागलो असतो. आता पहिला खर्च माडीवर संडास, आतून कडी आणि दोन बाजा यांचा. किल्ल्या तीन करतोय: एक तुमची, एक माझी, एक भुसावळला सरांकडे. मामांना बोललो, त्यांची हरकत नाही.

पाटीवर सध्या फक्त ‘माडी’ लिहितो. आत भिंतीवर मात्र जात आणि प्रेम दोन्हींबद्दल स्पष्ट लिहिणार, जिना चढून येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल असं. बाहेर काय लिहायचं ते जे येतील ते मिळून ठरवतील. चाळीसगावभाऊ, ते लिहून द्यायच्या कागदाचा मसुदा तुम्हीच करा, साध्या भाषेत. जमलं तर त्याची अहिराणीही करू.

बाजेच्या चित्रवाल्याला हा सगळा धागा पाठवला. त्यानं वाचलाय, उत्तर अजून नाही. त्याचं चित्र माझ्याकडेच आहे, तो म्हणेल तेव्हाच लागेल.

ताई, शहाद्याहून तुमची गाडी किती वाजता सुटते ते कळवा, पहिली बैठक तिच्या हिशोबानं लावतो.