सात महिन्यांची जॅक रसेल: मोगऱ्याच्या आळ्यात खड्डे आणि मुलांच्या टाचांवर दात

शहापूरची सून:
नमस्कार. दिवाळीत आम्ही दोन महिन्यांची जॅक रसेल टेरिअर घरी आणली, ती आता सात महिन्यांची झाली आहे. तिचे नाव भिंगरी ठेवले. नाव ठेवताना थोडा विचार करायला हवा होता, असे आता वाटते. माझ्या माहेरी चिकोडीकडे शेतावर मुधोळ जातीचा कुत्रा होता. तो दिवसातून एकदा वाऱ्यासारखा धावून आला की उरलेला वेळ ओट्यावर पडून असे, त्यामुळे जेमतेम पाच किलोंचे हे पिल्लू सांभाळणे त्याहून सोपे जाईल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तिने सासूबाईंच्या मोगऱ्याच्या आळ्यात आठवड्याभरात तीन खड्डे केले, आणि त्यांतला एक इतका खोल की तिची फक्त शेपटी बाहेर दिसत होती. मुले (वय ६ आणि ९) धावू लागली की ती त्यांच्या टाचांना दात लावते. सकाळ-संध्याकाळ तासतासभर फिरवून आणले तरी घरात पाऊल ठेवताच तिच्या सोफ्यावरून खिडकीत आणि खिडकीतून सोफ्यावर उड्या सुरू होतात. एका प्रशिक्षकाने वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही दोनदा अमलात आणला. परिणाम एवढाच, की आता ती पेपर टाकणाऱ्या मुलावर भुंकते. बोलावल्यावर येत नाही, हे तर सर्वांत अवघड. काय करावे?

टिळकवाडीकर:
ताई, सर्वप्रथम ती गुंडाळी बंद करा. टेरिअर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘टेरा’ म्हणजे जमीन हा शब्द आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे धर्मोपदेशक जॉन रसेल यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, ट्रम्प नावाची एक पांढरी टेरिअर विकत घेतली आणि तिच्यापासून ही जात पुढे वाढवली, असे मानले जाते. कोल्ह्याच्या बिळात शिरायचे, आत भुंकत राहून वर उभ्या असलेल्या माणसांना आपला ठावठिकाणा कळवायचा आणि कोल्ह्याला बाहेर पळायला लावायचे, हे या कुत्र्यांचे काम होते. म्हणजे उकरणे, भुंकणे आणि पळणाऱ्याच्या मागे लागणे या तुमच्या तिन्ही तक्रारी हा तिचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे. तो मोडून काढता येत नाही, त्याला जागा नेमून द्यावी लागते.

परसाच्या एका कोपऱ्यात चार फूट लांब-रुंद खड्डा घेऊन त्यात आपली तांबडी माती आणि वाळू निम्मी-निम्मी भरा. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत उकडलेल्या कोंबडीचा तुकडा (शाकाहारी घर असल्यास गाजराचा) नुसत्या दोन बोटे मातीखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी चार बोटे, आणि नंतर ती घरात असताना पुरून ठेवून मगच तिला सोडा. आळ्यात पंजा पडलेला दिसला तर न ओरडता उचलून या खड्ड्यावर आणा. आमच्या टेरिअरला हे समजायला बारा-तेरा दिवस लागले, आणि तेवढ्या काळात आळ्यांभोवती जाळी लावून ठेवावी लागली.

फिरण्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. दोन तास चालवून कुत्रा थकत नाही, त्याचा दम वाढतो, आणि पुढच्या महिन्यात त्याला तीन तास लागतात. आपल्या बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत अर्धा तास लांब दोरीवर तिला हवे तेथे हुंगू द्या आणि घरी पाच-पाच मिनिटांचे तीन धडे घ्या. दुपारी मात्र तिला पलंगाखाली किंवा पडदा टाकलेल्या पिंजऱ्यात निजवलेच पाहिजे. संध्याकाळी सातच्या सुमारास जो धिंगाणा दिसतो तो पुष्कळदा उत्साहाचा नसून झोप मोडलेल्या लहान मुलाच्या किरकिरीसारखा असतो. टाचांसाठी मुलांना एकच शिकवा: दात लागला की पळायचे नाही, किंचाळायचे नाही, खांबासारखे उभे राहायचे. हलत नाही त्यात टेरिअरला रस उरत नाही. जरा शांत झाली की जाड दोरीचे टोक तिच्या तोंडात द्या आणि ‘सोड’ म्हटल्यावर सोडले तरच खेळ पुढे चालू ठेवा.

खानापूर रोड:
वरील सल्ला उत्तम आहे, परंतु पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. ही कुत्री उंदीर मारल्याशिवाय राहत नाहीत, आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग पसरतो. त्याची लस वर्षाला एकदा टोचून घ्यावी लागते. घरात उंदरांचे विष ठेवलेले असल्यास ते आजच काढून टाका, कारण विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तरी तिला बाधा होऊ शकते. दुसरे म्हणजे, आमच्याकडे भाताच्या बांधावर घोणस निघते आणि टेरिअर सापाला पाहून मागे सरत नाही. (घोणशीला इंग्रजीत ज्या रसेलचे नाव आहे तो निराळा, परंतु या दोन रसेलांची गाठ पडू न देणेच बरे.) शेताकडे नेताना तिला कधीही मोकळी सोडू नका. मुले लाडाने बेदाणे भरवत असतील तर तेही थांबवा. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.

निपाणीचे आजोबा:
सूनबाई, बोलावल्यावर येत नाही म्हणता, तर तिला घरात कोण कोणत्या शब्दाने बोलावते हे एकदा मोजा. आमच्या घरी मी ‘ये’ म्हणे, भांडी घासायला येणारी बाई कन्नडमध्ये ‘बा’ म्हणे आणि नातवंडे ‘कम’ म्हणत. बिचाऱ्या कुत्र्याला तिन्ही भाषा येत नव्हत्या. एक शब्द ठरवा, तो सर्वांना पाठ करायला लावा, आणि त्या शब्दाने बोलावून कधीही रागवू नका, आंघोळीला नेऊ नका. सुरुवातीला दहा मीटर सुती दोरी बांधून बोलवा आणि आली की दर वेळी काहीतरी खायला द्या.

शहापूरची सून:
सर्वांचे आभार. आजोबा, मोजले. आमच्याकडे चार शब्द निघाले, आणि त्यांतला ‘बा’ तर मुले ‘बाबा’ अशी हाक मारतात तेव्हाही तिच्या कानावर पडतो, म्हणूनच ती अधूनमधून उगाच धावत येत असे. आता सर्वांनी ‘ये’ हाच शब्द धरला आहे. खड्डाही तयार झाला. जाळी लावल्यामुळे मोगरा वाचला आहे. तीन दिवसांपासून सासूबाईंची डाव्या पायाची चप्पल सापडत नव्हती, ती आज सकाळी खड्ड्यात चार बोटे मातीखाली मिळाली.