मदत हवी आहे: जुन्या एसयूव्हीखाली तीन डाग, गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

गाडी २००९ ची, सात सीटर डिझेल एसयूव्ही. मागच्या चाकांवर चालणारी, रनिंग १ लाख ८७ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती गाडीच तसली' या वळणाला लागतो. वडिलांची गाडी आहे, विकायची नाही. त्यामुळे 'काढून टाका' हा सल्ला कृपया नको.

राहतो रत्नागिरीत. महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटाने कोल्हापूर. गणपतीनंतर पार्किंगमध्ये गाडीखाली डाग दिसायला लागले. पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणून शेजारच्या काकांनी दोनदा हटकलं. तिसऱ्या वेळी ते काही बोललेच नाहीत, स्वतःच घमेलंभर वाळू आणून डागांवर टाकली. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग परवा रात्री फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली अंथरला आणि चारही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या. सकाळी तीन डाग सापडले.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली काळं तेल, सहा-सात थेंब. डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी दीड महिन्यात खालच्या खुणेपाशी आली आहे. पुढे डाव्या बाजूला पाण्यासारखं काहीतरी, पुठ्ठा नुसता फुगलेला. आणि मागे, डिफरन्शिअलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याच्या) तोंडाशी, जाडसर तपकिरी तेल. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो.

पहिला मेकॅनिक म्हणाला, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मग क्लच प्लेटही टाकूनच घ्या. एकूण १६ हजार. दुसरा म्हणाला, चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं पॅकिंग. दोघांनीही खाली वाकून पाच सेकंद बघितलं, टॉर्चसुद्धा लावला नाही. मागचं पिनियनचं (डिफरन्शिअलच्या तोंडावरचं) सील तर गेल्या दिवाळीतच बदललं होतं, तरी पुन्हा तेच.

गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी खात्री कशी करायची? नवं सील वर्षाच्या आत का गेलं? आणि येत्या शनिवारी कोल्हापूरला जाऊ का?

डिझेलवाला

थेंब पडतो ती जागा आणि गळतं ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधा, उगम तिथे असतो.

तुमच्या गाडीच्या वयाच्या डिझेल इंजिनात टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) पॅकिंग उष्णतेने कडक होतं. मागच्या कोपऱ्यातून तेल सुटलं की ते इंजिनाच्या पाठीवरून बेल हाऊसिंगवर (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावर) उतरतं आणि क्रँक सीलचं तेल जिथून टपकलं असतं तिथूनच टपकतं. त्या नादात कित्येक चांगले गिअरबॉक्स विनाकारण खाली आले आहेत. तुमचं तेल काळं आहे म्हणजे ते इंजिनचं, गिअरबॉक्सचं सहसा इतकं काळं नसतं. आल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्युम पंप असेल तर त्याचा ऑईलचा होजपाईप बघा. टर्बोचा ऑईल रिटर्न पाईप आणि ऑईल प्रेशर स्विचही बघा.

आधी इंजिन धुवा. आल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लॅस्टिक पिशव्या बांधा, प्रेशरचा फवारा त्यांच्यावर नको. डिग्रीझर आणि ब्रश पुरे. इंजिन पूर्ण वाळलं की संशयित जागांवर टाल्कम पावडर उडवा आणि वीसेक किलोमीटर चालवून या. पावडरवर तेलाची वाट उमटते. इंजिनाच्या पाठीमागे डोकं जात नाही, तिथे छोटा आरसा आणि टॉर्च लागेल.

अजून एक. इंजिनची ब्रीदर नळी (आतला दाब बाहेर सोडणारी) तुंबली असेल तर आत दाब साचतो आणि कुठलंही नवं सील टिकत नाही. ती काढून साफ करा.

चाकोरीबाहेर

मागच्याचं कारणही तेच निघेल असं वाटतं. अॅक्सलच्या हौसिंगवर वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तो ब्रीदर. घाटात डिफरन्शिअल तापतं, आतली हवा फुगते. टोपी चिखलाने बसली असेल तर हवा सीलमधून वाट काढते आणि तेल सोबत नेते. पावसात मोरीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली होती का? तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की उलट आत ओढतं. डिफरन्शिअलचा लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) उघडून तेलात बोट घाला. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला.

सील बदलताना पिनियनचा नट कसा आवळला होता तेही विचारा. खूण न करता दणकून आवळला तर बेअरिंगची वाट लागते.

आणि शनिवारचं उत्तर आत्ता देणार नाही. आधी मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा. ओलं लागलं तर आंबा घाट विसरा.

हापूस_बारा_महिने

पुढचं पाणी एसीचं वाटतंय. आदल्या संध्याकाळी एसी लावला होता का? बोटावर चोळा. कूलंट बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि वाळल्यावर रंगाचा डाग राहतो. (चाखून बघू नका. आमच्या सासरेबुवांनी बघितलं होतं.) आवारात मांजरं असतील तर कूलंटचा डाग लगेच धुवा, त्यांना ते विष आहे. इंजिन गार असताना बाटलीतली पातळी रोज सकाळी बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

चाकाला ओल सापडली तर थोडं पुसून ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळतं, गिअर ऑईल तरंगतं. ब्रेक ऑईल निघालं तर गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, रविवार सत्कारणी लागला.

पुढचं पाणी एसीचंच. एक रात्र एसी न लावता गाडी उभी केली, पुठ्ठा कोरडा.

इंजिन धुतलं, पावडर उडवली (बायकोची, न विचारता), हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापासून सरळ खाली रेघ! जुनं पॅकिंग काढताना बिस्किटासारखं तुटलं. नवं साडेचारशेला मिळालं, मजुरी वेगळी.

ब्रीदरच्या टोपीत आपली लाल माती सिमेंटसारखी बसली होती. फिरवल्यावर फुस्स करून आवाज आला, मेकॅनिक दचकला. तेल दुधाळ नव्हतं. पिनियनचं सील नवं टाकलं, या वेळी नटावर खूण करून.

आणि हो, मागच्या डाव्या चाकाला ओल होती. ग्लासात तरंगली. ड्रम उघडला तर अॅक्सलचं सील गेलेलं आणि ब्रेक लायनर तेलात भिजलेले. लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. मागच्या फेरीत घाट उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतोय असं वाटलं होतं, पण मी दोष टायरमधल्या हवेला दिला होता. शनिवारी एसटीने गेलो.

एक शंका राहिली. पॅकिंग बदलून चार दिवस झाले, तरी बेल हाऊसिंगखाली रोज एखादा थेंब असतोच. क्रँक सीलही गेलंय का?

डिझेलवाला

लगेच गिअरबॉक्सकडे धावू नका. बेल हाऊसिंगवर आणि खालच्या खाचांत साचलेलं जुनं तेल बरेच दिवस निथळत राहतं. बाहेरून पुन्हा पुसून घ्या, डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर परत बघा. पातळी तिथेच असेल तर १६ हजार खिशात राहू द्या. उतरली तर फोटो टाका, पण टॉर्च लावून.